मिस रोझी पेटीत मावेना

सत्काराला बोलावतात तेव्हा लोक हमखास विचारतात की तुम्ही जादूकडे कशा वळलात, आणि मी हमखास खोटं सांगते. सांगते की एक दिवस बाबांनी आपली काळी कांडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बेटा, आजपासून हे तुझं. लोक टाळ्या वाजवतात, शाल पांघरतात, नारळ देतात. बाबांनी मला जन्मात कधी 'बेटा' म्हटलं नाही. 'शके' म्हणत, आणि फारच लाडात आले तर 'काय वं'. कांडी तर त्यांनी शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिली नाही. आई फडक्यानं पुसायला जायची तरी खेकसायचे. आता गुडघे असे झालेत की मी स्टेजवर चढते ती दोघींच्या खांद्यावर हात ठेवून. खोटं पेलायची ताकद उरली नाही, म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते. त्यात फजिती आहे, पण ती त्या पंधरा वर्षांच्या शकूची. ती इतकी आगाऊ होती की आज ती माझी नात म्हणून समोर आली असती तर मी तिला रोज सकाळी चहाआधी एक धपाटा घातला असता.

आमचं घर अमरावतीला, फ्रेजरपुऱ्यात. दोन खोल्या आणि मागे टिनाचं छप्पर. त्यातली हवेशीर, रस्त्याकडची खोली सामानाची; उरलेल्या खोलीत आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण मंदा. सामान म्हणजे बाबांचं जादूचं सामान: पेट्या, पडदे, लाकडी तलवारी, कागदी फुलं आणि सोळा कबुतरं. सकाळी डोळा उघडायचा तो कबुतरांच्या घुमण्यानं. त्यापाठोपाठ टिनाखाली गुलाबकाकांची करवत सुरू व्हायची. गुलाबकाका बाबांचे जुने सोबती, हाडाचे सुतार. पेट्या तेच बनवायचे, आणि खेळाच्या दिवशी पडदा ओढायचा, ढोलक वाजवायची, कबुतरं सांभाळायची, हेही त्यांच्याकडेच. करवत, कबुतरं, आईचं शिवणयंत्र, शेजारच्या गिरणीचा पट्टा, या सगळ्या गोंगाटात बाबांचा आवाज तेवढा नसायचा. स्टेजवर दोन तास न थांबता बोलणारा हा माणूस घरी दिवसाला दहा शब्द बोलायचा. जेवतानाही डाव्या हाताच्या बोटांवरून एक जुना रुपया फिरत असायचा, करंगळीकडून अंगठ्याकडे आणि परत. तो रुपया कधी फरशीवर पडून खणकला की आम्ही घास तोंडात धरून थांबायचो, कारण मग तो अख्खा दिवस वाईट जायचा.

बाबा मूळचे दर्यापूरचे, म्हणून स्टेजवरचं नाव प्रोफेसर दर्या. पोस्टरवर जहाज आणि खाली 'रंगून रिटर्न'. प्रत्यक्षात ते एका बाजूला भुसावळपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला खंडव्यापर्यंत गेले होते. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. मात्र एका बाबतीत त्यांनी कधी थाप मारली नाही. खेळाच्या सुरुवातीला दोन्ही पंजे उघडून ते म्हणायचे, "मायबाप हो, माझ्यापाशी देव नाही, भूत नाही, मंत्र नाही. ही दहा बोटं आहेत. यांच्यावर नजर ठेवा." आमच्या विहारात एका पौर्णिमेला कुणीतरी त्यांना टोकलं होतं, की आपण चमत्कार सोडून धम्मात आलो अन् तुमी चमत्कारच विकून राहिले. पुढच्या खेळापासून हे वाक्य आलं. आधी नाइलाजानं आलं असेल, पुढे त्यांना त्याची चटक लागली. लोक डोळे फाडून दहा बोटांवर नजर ठेवायचे आणि तरी फसायचे. फसल्यावर जास्त खूश व्हायचे.

बाबांच्या कोटाला किती खिसे आहेत हे फक्त आईला ठाऊक होतं, कारण ते तिनं शिवले होते. बाहीतले, अस्तरातले, पाठीकडचे, कबुतरांसाठी मऊ मलमलचे. पण त्या खिशांतून काय बाहेर पडतं ते तिनं कधीच पाहिलं नाही. आमच्याकडे नियमच होता की घरच्या माणसानं खेळ पुढून पाहायचा नाही. मी कारण विचारलं तेव्हा गुलाबकाका रंधा न थांबवता म्हणाले, "घरच्याचे डोये चोर असते, पोरी. ते बरोबर मालावर जाते. बाजूचा मानूस तुया डोयाकडं पाह्यते, मंग तोबी मालावर जाते. खेल खतम." म्हणून आई घरीच राहायची आणि आम्ही परत येईपर्यंत चुलीवर काहीतरी शिजत ठेवायची. पाटोडीचा रस्सा असला तर वास वळणावरूनच यायचा. बेसनाच्या वड्या, वर तेलाचा लाल तवंग, सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा. शेजारची बाई तिला चिडवायची, "तुमचं बरं हाय बाई, प्रोफेसर भाजीबी हवेतूनच काढत असन!" आई म्हणायची, "हाव. निसाचं तेवढं मायाकडं ठेवलं."

आता माझ्याकडे येते. सातव्या वर्षापासून मी मिस रोझी. गुलाबी फ्रॉक, डोक्याला चमकी, ओठांना लाली, आणि काम एकच: पेटीत निजायचं, बाबांनी करवतीनं मधून कापायचं, दोन तुकडे दोन बाजूंना ढकलायचे, मग परत जोडायचे, मी हसत बाहेर यायचं. पेटीत पाय कुठे जातात ते मी लिहिणार नाही, अजून चार घरं या खेळावर जेवतात. एवढंच सांगते की पेटी गुलाबकाकांनी माझ्या मापानं बनवली होती आणि आई फ्रॉकला दुमड ठेवायची तशी वाढत्या अंगासाठी चार बोटं जागा सोडली होती. ती चार बोटं मी तेराव्या वर्षी संपवली. चौदाव्या वर्षी गुडघे छातीला लागायला लागले. पंधराव्या वर्षी मी आत शिरायची तेव्हा पेटी कुरकुरायची, आणि गुलाबकाका पुटपुटायचे, "सागवान हाय म्हनून टिकून राहिलं."

मी काय करावं? मी जेवण कमी केलं. म्हणजे आईच्या डोळ्यांसमोर भाकर घ्यायची आणि मागे जाऊन अर्धी कबुतरांना चुरायची. मला वाटायचं, भाकर पोटात गेली नाही तर उंची वाढणार नाही. शाळेत पहिल्या पाचात येणारी मुलगी होते बरं का मी! दोन महिन्यांत माझी उंची आणखी वाढली आणि कबुतरं अशी माजली की बाबांच्या बाहीत मावेनात. तिवश्याच्या खेळात एक कबूतर बाहीतच अडकलं आणि बाबांना हात खाली न आणता सगळा निरोपाचा नमस्कार करावा लागला. घरी आल्यावर त्यांनी एकेक कबूतर हातात घेऊन तोललं, मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोपरांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"अकोल्याचे दोन खेल झाले का मंदी बसन पेटीत," ते म्हणाले. "तू मॅट्रिकचं पाह्य."

मी म्हटलं, मला पेटीत बसायचंच नाही. मला बाहेर उभं राहायचंय. मले खेल करायचा हाय.

"तुले येत नाही."

"मले समदं येते! रुमाल येते, अंडं येते, दोरी येते. तुमी काय करता ते मले झोपेत इचारा."

"तुले समदं माहीत हाय," बाबा म्हणाले. "येत नाही."

दहा शब्दांचा कोटा संपला आणि रुपया फिरू लागला. आईनं ताट माझ्याकडे सरकवत म्हटलं की डी.एड. कर, मास्तरीण हो, पोट्टे तुले घाबरतीन. मला ते वाक्य इतकं झोंबलं की त्या रागात मी दोन भाकरी खाल्ल्या.

त्या दिवसापासून अंगात जणू मुंग्या भरल्या. शाळेत बसवेना, घरात बसवेना. बाकाखाली रुमाल, भांडी घासताना रुमाल, नळाच्या रांगेत रुमाल. खेळ साधाच: लाल रेशमी रुमाल उजव्या मुठीत कोंबायचा, फुंकर मारायची, मूठ रिकामी. रुमाल जातो एका पोकळ अंड्यात आणि ते अंडं असतं दुसऱ्या हाताच्या आडोशाला. हे सांगायला हरकत नाही. माझी नात ते मोबाइलवर पाहून शिकली आणि मलाच शिकवायला आली होती. तेव्हा मोबाइल नव्हता, परीक्षक होती मंदा. टिनाखाली मी उभी राहायची आणि मंदा माझ्या मागे, डाव्या अंगाला, उलट्या घमेल्यावर बसायची. तिथूनच तर आम्ही दोघींनी आयुष्यभर बाबांना पाहिलं होतं: विंगेतून, पाठमोरे. मी हात फिरवायचे आणि मंदा ओरडायची, "हुबेहूब! हुबेहूब बाबावानी!" त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या प्रमाणपत्रावर मी उडत होते. खेळ मागून बरोबर दिसला म्हणजे पुढूनही बरोबर, याची मला इतकी खात्री होती की पुढे काय असतं हा प्रश्नसुद्धा डोक्यात आला नाही.

अकोल्याला आम्ही एस.टी.नं गेलो. पेटी टपावर, गुलाबकाका टपाकडे मान करून खिडकीत, कबुतरांचे पिंजरे आमच्या मांडीवर. बडनेऱ्याला एक बाई चढली, तिनं विचारलं किती जोड्या विकायच्या आहेत. मूर्तिजापूरला भजी खाल्ली. अकोल्यात उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. अकोल्याचं ऊन आमच्यापेक्षा कडक, हे अमरावतीचा माणूस सहसा कबूल करत नाही, मी करते. उतरायची सोय एका शाळेच्या वर्गात होती, खेळ त्याच शाळेच्या हॉलमध्ये, दोन दिवस, संध्याकाळी सहाला. हॉल गच्च भरलेला. सरकीचा आणि घामाचा वास, हातातले पुठ्ठ्यांचे पंखे, तंबाखू मळल्याचे आवाज.

अर्धा खेळ झाला. पडदा पडला आणि आत पेटी मांडली. मी शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, गुडघे काही जाईनात. गुलाबकाका म्हणाले श्वास सोड. मी सोडला. ते म्हणाले आनखी सोड. मी म्हटलं आता जीवच उरला, तो सोडू का? आणि रागानं जो पाय रेटला, तर कडी बिजागरीसकट कटकन उखडली. फळी बाबांच्या नडगीवर आदळली. बाबांनी फळी धरून ठेवली, गुलाबकाका दातात स्क्रू धरून गुडघ्यावर बसले, मंदा कंदील धरून. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. मग पाय आपटणं. मग कुणीतरी ओरडलं, "प्रोफेसर रंगूनले गेला काय बे?" आणि हॉल हसला.

मी रिकामी उभी होते. फ्रॉक अंगावर, लाली ओठावर. टेबलावर लाल रुमाल, शेजारी अंडं. बाबांचे दोन्ही हात फळीत अडकलेले. आजही मला तो क्षण आठवला की पोटात गुदगुल्या होतात, कारण त्या मूर्ख पोरीला वाटलं होतं, हाच तो क्षण. मी रुमाल आणि अंडं उचललं आणि पडद्याच्या फटीतून बाहेर गेले.

शिट्ट्या थांबल्या. एवढे चेहरे मी कधी पाहिले नव्हते. पेटीत निजलेल्या माणसाला फक्त छत दिसतं, आणि मी बाहेर आले की लगेच पडदा पडायचा. मी दोन्ही पंजे उघडले आणि बाबांचं वाक्य म्हटलं, देव नाही, भूत नाही, दहा बोटं. आवाज थोडा चिरकला, पण निघाला. रुमाल मुठीत कोंबला. बोटं सुरेख चालत होती, हे मी आज पन्नास वर्षं हा धंदा करून सांगते. बोटांची काही चूक नव्हती. चूक डोळ्यांची. मला ज्या हातात अंडं होतं त्या हाताकडेच पाहायची सवय होती. विंगेतून पाहताना आम्ही मुली दुसरं काय पाहणार? खरं काम जिथे चाललंय तिथेच पाहायचो. बाबा त्या वेळी कुठे पाहतात, त्यांचा चेहरा काय करतो, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण खेळातला त्यांचा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता. तेव्हा मी सरळ त्या चोरट्या हाताकडे टक लावून पाहत होते, जणू त्यातून साप निघणार आहे. आणि मी जिकडे पाहिलं तिकडे अख्खं अकोलं पाहत होतं. वर मी अर्धी विंगेकडे वळून उभी. सवयच तशी.

मी उजव्या मुठीवर फुंकर मारली, मूठ उघडली. रिकामी. टाळी नाही.

तिसऱ्या रांगेतून एक जण शांतपणे म्हणाला, "थ्या दुसऱ्या हातात काय हाय वं, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि तो हात पाठीमागे नेला.

हॉल असा हसला की छपराची टिनं वाजली. मी घाबरून मूठ आवळली, अंडं निसटलं, स्टेजवरून टुणटुण गेलं आणि पहिल्या रांगेतल्या एका धोतरवाल्या आजोबांच्या चपलेला लागून थांबलं. आजोबांनी ते उचललं, डोळ्याजवळ नेलं, आत बोट घालून लाल रुमाल ओढून काढला आणि उभं राहून मला दाखवला. "हे घे माय, सापडला तुया रुमाल. रडू नको." मी रडत नव्हते. त्यांनी म्हटल्यावर रडायला लागले.

मागे पडदा हलला. बाबा आले, लंगडत, पण स्टेजवर बाबा लंगडले तेही ऐटीत. माझ्या कानाशी एकच शब्द म्हणाले, "हास." मग लोकांकडे वळून, "आजोबा, अंडं खरं का खोटं?"

"खोटं. पोकळ हाय."

"नक्की? शेजाऱ्याला दाखवा. दाखवलं? आणा इकडे." बाबांनी अंडं घेतलं, काचेच्या पेल्याच्या काठावर टिचवलं आणि पिवळा बलक पेल्यात पडला. हॉलमधून जो गजर उठला तो मी पुढे स्वतःच्या खेळांतसुद्धा क्वचित ऐकला. लोकांना वाटलं, पोरीचं चुकणं हा खेळाचाच भाग. आजोबा तर उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते. मी दात काढून उभी होते आणि लाली ओघळून हनुवटीपर्यंत आली होती. पेटीचा खेळ उद्या होईल, असं बाबांनी जाहीर केलं.

विंगेत गुलाबकाकांनी मला सोडलं नाही. "पोट्टे, तुयं डोस्कं ठिकान्यावर हाय का? तुले कोनी सांगतलं होतं बाहेर जायाले? थ्या मानसाचं नाव मातीत गेलं असतं!" बाबा नडगीला हळद लावत बसले. मला वाटत होतं की त्यांनी मारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या बाकावर आम्ही आलूबोंडे खात होतो. बाबांनी तिकिटाच्या पुस्तकातून एक तिकीट फाडून माझ्यापुढे ठेवलं. "तिसरी रांग. मधात."

"अन् पेटीत?"

"मंदी."

"मंग मी काय करू?"

"पाह्य."

गुलाबकाकांचा घास हातातच राहिला. घरच्यानं पुढून? बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला मात्र एकच कळलं: हाकलून दिलं. रंगमंचावरून उचलून तिकीटवाल्यांत नेऊन टाकलं. दिवसभर मी शाळेच्या व्हरांड्यात येरझारा घातल्या. अमरावतीची बस किती वाजता आहे ते तीनदा विचारून आले. मंदाला फ्रॉक घालताना मदत करायला बोलावलं तर गेले नाही, मग गेले, आणि तिची वेणी इतकी घट्ट घातली की तिच्या भुवया वर गेल्या. किंकाळी कशी मारायची ते मात्र नीट शिकवलं. करवत लाकडाला लागली की दोन मोजायचे, मग ओरडायचं. आपली विद्या वाया जाऊ नये एवढा मोठेपणा माझ्यात होता.

सहाला मी तिसऱ्या रांगेत, मधात. एका बाजूला शेंगदाणे खाणारी जाड बाई, दुसऱ्या बाजूला चष्मेवाले मास्तर. मी ठरवून आले होते की पाहायचंच नाही. पडदा उघडला आणि बाबा आले.

हे कसं लिहावं कळत नाही. मी या माणसाच्या मांडीवर वाढले होते, त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काम केलं होतं, आणि त्यांना गालाला खळी पडते हे मला पंधराव्या वर्षी अकोल्यात समजलं. घरी ते हसत नसत आणि खेळात मी मागे असायची. पुढून दिसलेला माणूस वेगळाच होता. तो प्रत्येकाकडे असा पाहत होता जणू त्याच्या एकट्याकडेच आलाय. त्यानं डावा हात उंच केला आणि तो स्वतः त्या हाताकडे लहान लेकरासारखा नवलानं पाहू लागला. मीही पाहू लागले. उजव्या हाताचं काय चाललंय ते मला माहीत होतं, पाठ होतं, आणि तरी डोळे तिकडे वळेनात. मी ओढून आणायची, ते परत डाव्या हाताकडे जायचे. बाजूच्या बाईनं शेंगदाणे चावायचे थांबवले होते. मीही तोंड उघडं टाकून बसले होते, माशी गेली असती आत.

मग पेटी आली. मंदा हसत आत शिरली, सहज मावली. झाकण लागलं. बाबांनी करवत घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. खळी गेली. कपाळावर घाम. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, असं, जणू हात मागे घ्यावा की काय. करवत लाकडाला लागली. एक, दोन. मंदा किंचाळली.

मीच शिकवलेली किंकाळी. शेकडो वेळा मी स्वतः मारलेली. पण मी ती कधी बाहेरून ऐकली नव्हती. पुढचं मला मास्तरांनी नंतर सांगितलं, कारण मला आठवत नाही: मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, "बाबा, थांबा! मंदी हाय तिच्यात!"

अख्खा हॉल वळला. बाबांची करवत क्षणभरही अडखळली नाही. "बाईंना कुणी पाणी द्या," ते म्हणाले. "बाई, बसून घ्या. माझ्या हातानं आजवर एकही पोरगी मेली नाही. जेवत नाहीत एवढंच." लोकांनी टाळ्या पिटल्या. शेंगदाणेवाल्या बाईनं मला खाली ओढलं आणि पदरानं वारा घातला. मंदा अखंड बाहेर आली तेव्हा मी हुंदके देत होते आणि मास्तर मला विचारत होते की तुम्हाला याचे किती मिळतात.

आत गेले. गुलाबकाका आनंदानं वेडे झाले होते. "रोज ओरडत जाय वं शके! लय भारी झालं! हाच धंदा कर!" बाबांनी त्यांना हातानं गप्प केलं.

"काय पाह्यलं?" त्यांनी मला विचारलं.

"मंदीले कापलं."

"तुले तर समदं माहीत होतं."

मी मंदाची घट्ट वेणी सोडायला घेतली.

"तिकीट घेत जाय," बाबा म्हणाले. "ओरडू नको फक्त."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी प्रत्येक खेळाला पुढे बसले. धारणीला जीपच्या धुळीनं माखून पोचलो, तिथल्या मंडपात जमिनीवर बसले. परतवाड्याला बाजाराच्या दिवशी. पहिले काही खेळ मी बाबांकडेच पाहत राहिले आणि फसत राहिले, आणि प्रत्येक वेळी स्वतःवर चिडत राहिले. मग चिडचिड मावळली आणि वेगळीच खाज सुटली. हे नुसतं मलाच होतं की सगळ्यांना? परतवाड्याला, बाबांनी डावा हात उंच केला त्या क्षणी, मी स्टेजकडे पाठ केली आणि खुर्चीवर उलटी बसून लोकांकडे पाहू लागले. शेपाचशे डोळे एकदम वर गेले. पुढे बसलेल्यांचे आधी, मागच्यांचे एका श्वासानंतर. एक पागोटेवाला तेवढा उशिरा. वाऱ्यानं ज्वारीचं शेत वळावं तसं ते सगळं वळत होतं, आणि वळवणारा माझा बाप माझ्या पाठीमागे होता.

शेजारची भाजीवाली माझ्या खांद्याला हलवून म्हणाली, "अवं पोरी, तिकडं पाह्य ना! खेल तिकडं हाय."

"नाही मावशी," मी म्हटलं. "इकडंच हाय."

बाबांनी स्टेजवरून माझी पाठ पाहिली असणार. खेळ संपल्यावर पिंजरे बांधता बांधता त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेले: कोण आधी पाहतं, कोण उशिरा, कोणत्या वाक्याला बायका पदर सावरतात, कोणत्या वेळी पागोटेवाल्याचे डोळे घसरून उजवीकडे येतात आणि तिथे तुम्ही खोकलात ते बरं केलंत. ते ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "इतवारी तिवश्याले पयला रुमाल तू कर."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी नाचेन. मला ओकारी आली. आता मला ठाऊक होतं ना, की समोर माणसं असतात. रविवारपर्यंत मी धड जेवले नाही, झोपले नाही, आईनं शिवलेल्या काळ्या परकर-पोलक्याच्या खिशात हात घालून नुसती घरभर हिंडत होते. तिवश्याला पडद्याआड उभी होते तेव्हा हात इतके थंड पडले की गुलाबकाकांनी ते आपल्या काखेत धरून गरम केले. मग पडदा उघडला. मी पुढे गेले, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले, रुमाल मुठीत कोंबला. जिकडे काम चाललं होतं तिकडे पाहायची अशी ओढ लागली होती की मानेची शीर दुखत होती. मी रिकामा हात उचलला आणि त्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. अख्खं तिवसं त्या रिकाम्या हाताकडे पाहू लागलं.